पीएचसीच्या लेबर रूमला बाळाच्या श्वासासाठी काय द्यावं? अंबू बॅग, टी-पीस की आय-जेल?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या अंगाला. निम्मं गाव नवी मुंबईत माथाडीत आणि निम्मं इथं, त्यामुळे गावकीचं काहीही असो, ठरतं ते व्हॉट्सॲपवरच. यंदा मुंबईकर मंडळानं ठरवलंय की जत्रेच्या वर्गणीतून ऑर्केस्ट्रा आणायचा नाही, ते पैसे आपल्या पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, लेबर रूमला द्यायचे. मागच्या पावसाळ्यात वरच्या वाडीतली एक पोरगी बाळंत झाली तर बाळ रडेचना, निळं पडलेलं, सिस्टरनी तो फुगा, म्हणजे अंबू बॅग, दाबून दाबून श्वास दिला आणि मग १०८ नं कराडला नेलं. बाळ आता ठणठणीत आहे पण तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात तेच बसलंय.

आता वाद असा. मंडळातला एकजण मुंबईत मोठ्या हॉस्पिटलला वॉर्डबॉय आहे, तो म्हणतो टी-पीस द्या, म्हणजे ठरवलेल्या दाबानं बाळाला श्वास देणारं यंत्र, आमच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) तोच वापरतात. दुसऱ्यानं कुठलातरी व्हिडिओ टाकला, आय-जेल म्हणून एक मऊ नळीसारखी वस्तू बाळाच्या तोंडात सरकवली की झालं, मास्क धरायची कटकटच नाही. तिसरा म्हणतो अंबू बॅग तिथं आहेच की, तुम्ही वॉटर फिल्टर द्या. डॉक्टरसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले काहीही द्या, उपयोगच होईल. ह्यावरून आम्ही काय समजायचं?

बजेट पन्नास-साठ हजार. लाईट पावसाळ्यात गेली की कधी येईल सांगता येत नाही. कोविडमध्ये आलेला एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. महिन्याला डिलिव्हरी अगदी थोड्या, अवघड केस असली की आधीच कराडला पाठवतात. जाणकारांनी सांगा.

पाटणचा_वाघ
ऑर्केस्ट्रा बंद?? मंडळ फुटतंय बघा आता 😄

लेबररूम_ताई
दादा, आधी मंडळाचं कौतुक. मी सातारा जिल्ह्यातच एका ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमला आहे. तुमचं पीएचसी मी पाहिलेलं नाही पण चित्र सगळीकडे थोडंफार सारखंच असतं.

यंत्राचं नाव घ्यायच्या आधी तिथल्या सिस्टरना एवढंच विचारा की तुमच्याकडे बाळाचे मास्क कुठल्या नंबरचे आहेत. शून्य आणि एक, दोन्ही पाहिजेत. पूर्ण दिवसांच्या बाळाला एक नंबर, कमी दिवसांच्या आणि बारक्या बाळाला शून्य. होतं काय, बॅगेसोबत जो एक मास्क आलेला असतो तोच वर्षानुवर्षं चालतो, त्याची कड कडक होऊन जाते आणि कुणी बदलत नाही कारण "बॅग तर आहे ना". मास्क हनुवटी, तोंड, नाक झाकून बसला पाहिजे आणि डोळ्यावर यायला नको. मोठा पडला की बाजूनं हवा पळते, आपण दाबतोय दाबतोय, फसफस आवाज येतोय आणि बाळाची छाती हलतच नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं श्वास चाललाय. आत काहीच गेलेलं नसतं.

बॅगसुद्धा बघा कुठली आहे. नवजात बाळाची बॅग साधारण २४० मिलीची असते, ५०० ची मोठ्या बाळांना. आणि सिलिकॉनची हवी, साध्या पीव्हीसीची काही दिवसांनी चिकट होते नाहीतर कडक.

बाकी आम्हाला एनएसएसके मध्ये, म्हणजे नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम, २००९ पासून आहे, त्यात शिकवतात ते असं की बाळ रडलं नाही तर आधी कोरड्या गरम कपड्यानं पुसायचं, पाठ चोळायची, खांद्याखाली कपड्याची घडी देऊन मान बेताची ठेवायची, फार मागे नाही आणि छातीवर वाकलेलीही नाही. बाळाचं डोकं मागून मोठं असतं म्हणून नुसतं सपाट झोपवलं की मान आपोआप वाकते आणि श्वासाची वाट बंद होते. पुष्कळ बाळं एवढ्यावरच रडतात. नाहीच रडलं तर पहिलं मिनिट संपायच्या आत बॅग सुरू. मिनिटाला ४० ते ६०, मनात "दाबा-दोन-तीन, दाबा-दोन-तीन" म्हणत. आणि पूर्ण दिवसांचं बाळ असेल तर साध्या हवेवरच सुरू करायचं, ऑक्सिजन लावेपर्यंत थांबायचं नाही. लोकांना हे पटत नाही, नातेवाईक ओरडतात ऑक्सिजन लावा ऑक्सिजन लावा, पण त्या वेळेला फुप्फुसात पाणी भरलेलं असतं, ते बाजूला सारून हवा आत जाणं हेच मोठं काम असतं. ठोके वाढायला लागले की समजायचं हवा पोचली. रंग मागाहून सुधारतो. धडधाकट बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन सुद्धा ८५ टक्क्यांच्या पुढे जायला पाच-दहा मिनिटं लागतात.

बॅग लागणारी बाळं वीसात एखादं. म्हणूनच हात बसत नाही.

सांगलीचा_पंप
कॉन्सन्ट्रेटर लाईटवर, बाळाला ऊब देणारा वॉर्मर लाईटवर, सक्शन मशीन लाईटवर. आधी इन्व्हर्टर द्या की राव.

लेबररूम_ताई
@सांगलीचा_पंप इन्व्हर्टर पाहिजेच, पण अंबू बॅगेला लाईट लागत नाही आणि सिलिंडरही लागत नाही, दाबून सोडली की स्वतःच फुगते, म्हणून तर ती सगळीकडे पोचली. सक्शनला, म्हणजे बाळाच्या तोंडा-नाकातलं ओढून काढायला, सुद्धा पायानं चालणारं मशीन मिळतं. आणि सक्शन काय प्रत्येक बाळाला करायचं नसतंच. बाळानं पोटातल्या पाण्यात शी केलेली असली तरी आता सरसकट नळी घालून ओढत नाहीत, श्वास अडतोय असं वाटलं तरच, आधी तोंड मग नाक.

मिरजेचा_भूलवाला
आय-जेलचा विषय निघालाय म्हणून लिहितो, रोज हाताळतो ती वस्तू.

व्हिडिओत दाखवलेलं खोटं नाही. ती जिभेवरून मागं घशात सरकवायची, तिचं मऊ तोंड स्वरयंत्राच्या दारावर जाऊन बसतं, दुसऱ्या टोकाला हीच अंबू बॅग जोडायची. म्हणजे बॅग लागतेच हे आधी मंडळाच्या ग्रुपवर टाका, आय-जेल फक्त मास्कच्या जागी येते. श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं अवजार) लागतो, नजर लागते, सवय लागते, तसं ह्यात काही नाही. अशा घशात बसवायच्या मास्कचं मूळ डोकं आर्ची ब्रेन ह्या ब्रिटिश भूलतज्ज्ञाचं, १९८१ सालचं, त्याच्या मास्कला हवा भरायची कड होती. आय-जेल त्या मानानं अलीकडची आणि तिला फुगवावं लागत नाही. बाळाला एक नंबर, गुलाबी रंगाची, २ ते ५ किलोपर्यंत.

ह्यावर मोठा अभ्यास युगांडात झालाय, कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये, तोही डॉक्टरांच्या नाही तर सुईणींच्या हातून. अकराशेच्या वर बाळं, काहींना मास्क काहींना आय-जेल. २०२० मध्ये निकाल छापून आला. सुईणींनी आय-जेल सुरक्षितपणे वापरली हे त्यात नक्की दिसलं, पण मृत्यू किंवा मेंदूला गंभीर इजा ह्यात मास्कपेक्षा फायदा दिसला नाही, आय-जेलकडे २७.४ टक्के आणि मास्ककडे २४.४, म्हणजे फरक धरण्यासारखा नाही. त्याआधीच्या छोट्या छोट्या अभ्यासांत बाळं लवकर श्वास घेतायत असं दिसलं होतं म्हणून सगळे आशेवर होते.

तरीपण २०२३ च्या अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांत ३४ आठवड्यांच्या पुढच्या बाळाला मास्कऐवजी पहिल्यापासूनच असं साधन वापरलं तरी चालेल असं आलंय. माझं स्वतःचं मत, दोन-तीन नग लेबर रूमला असावेत. हनुवटी फार बारीक असलेलं बाळ, जीभ मागं पडतेय, मास्क कितीही धरा हवा जातच नाही, अशा वेळी आणि नळी घालणारं कुणी नाही अशा ठिकाणी ही वस्तू जीव वाचवते.

कोयनाकाठ
@मिरजेचा_भूलवाला डॉक्टर खूप आभार, एवढं कुणी समजावलं नव्हतं. पण मग फायदा दिसला नाही म्हणता आणि ठेवा पण म्हणता, मंडळाला काय सांगू?

मिरजेचा_भूलवाला
सांगा की मास्कच्या जागी नाही, मास्क हरला तर. आणि २ किलोच्या आतल्या बाळाला त्याचा भरवसा धरू नका.

जावळीची_आत्या
मी एएनएम, म्हंजे सरकारी नर्सबाई, म्हणून रिटायर झालीय बाळा. आमच्या टायमाला कुठली आय-जेल आणि कुठलं काय. बाळ रडलं न्हाई की पायाला धरून उलटं करायचं, पाठीवर चापट्या, न्हाईतर म्हातारी कानापाशी थाळी वाजवायची, गार पाणी मारायचं. लय बाळं तशीच गेली, आता कळतं. पुढं ट्रेनिंगला बाहुली दिली तवा पहिल्यांदा कळलं की मास्क धरायला अंगठा नि पहिलं बोट वरनं आणि बाकीची तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, मऊ गळ्यावर न्हाई. गळा दाबला की वाट अजून बंद. हे सांगून कळत न्हाई, हातानंच कळतं. बाहुली द्या की पीएचसीला, महाग अस्ती का?

बाळांचा_डॉक्टर
आत्यांनी मुद्द्याचं बोललं. कराडच्या बाजूला बालरोग बघतो, वाड्यावस्त्यांवरनं आलेली अशी बाळं माझ्याकडे येतात.

भूलतज्ज्ञ मित्राशी थोडा वाद घालतो. जिथे महिन्याला दोन-चार डिलिव्हरी होतात तिथे बॅग लागणारं बाळ कित्येक महिन्यांत एखादं येणार. आय-जेलची वेळ तर त्याहून विरळ. पाकीट कपाटात पडून राहणार, एक्सपायरी उलटणार, आणि ज्या दिवशी लागेल त्या दिवशी ड्युटीवरच्या सिस्टरनी ती कधीच घातलेली नसणार. मग त्या सिस्टरचं काय चुकलं?

टांझानियाच्या हायडम हॉस्पिटलचं उदाहरण मला ह्यात फार महत्त्वाचं वाटतं. तिथे सगळ्यांना एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं. बाहुलीवर सगळे पास झाले. पण लेबर रूममध्ये प्रत्यक्ष काम काही बदललं नाही. मग बाहुली लेबर रूममध्येच ठेवली आणि थोड्या थोड्या वेळाचा सराव वारंवार सुरू केला, तेव्हा पहिल्या २४ तासांतले मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. वस्तू तीच, बॅग तीच, माणसंही तीच.

म्हणून माझा क्रम असा, आधी चांगल्या दोन सिलिकॉन बॅगा (एक धुवायला गेली तर दुसरी हजर), दोन्ही नंबरचे जादा मास्क, आणि सरावाची बाहुली, ती पाणी भरून फुगवायची साधी मिळते, वजनाला बाळासारखी लागते आणि मास्क नीट बसला तरच छाती उचलते, लबाडी चालत नाही. आय-जेल हवी तर घ्या पण आधी साहेब आणि सिस्टर एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन हात चालवून आल्या तर.

आणि बाळाला पहिल्या काही मिनिटांत श्वास मिळाला तरी पुढे एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास विभाग, लागू शकतं, साताऱ्याच्या सिव्हिलला आहे. नवजात बाळाचे उपचार आणि गाडी जेएसएसके (जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम) मध्ये सरकारीत मोफत आहेत, २०११ पासून, हेही गावात सांगा, लोक भाड्याच्या जीपची व्यवस्था करत वेळ घालवतात.

मिरजेचा_भूलवाला
@बाळांचा_डॉक्टर सर, सरावाचं शंभर टक्के मान्य. पण उलटंही बघा ना. मास्कची पकड न वापरता लवकर विसरते, आय-जेल सरकवायला शिकायला मास्कपेक्षा कमी वेळ लागतो असं माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांचं बघून म्हणतो. जिथे सराव कमी तिथे सोपी वस्तू नको आणि अवघड वस्तूच द्या, हे मला काही पटत नाही.

बाळांचा_डॉक्टर
तुमच्याकडे शिकणाऱ्या पोरांच्या मागे तुम्ही उभे असता. पीएचसीत रात्री तीनला सिस्टर एकटी आणि मदतीला आया. मास्क चुकला तर काढून परत बसवता येतो, डोळ्यासमोर असतो. घशात गेलेली वस्तू नीट बसलीय का हे त्या वेळी कोण सांगणार?

मिरजेचा_भूलवाला
छातीच सांगणार, मास्कला सांगते तशी. चला, इथे आपलं जमायचं नाही, मिरजेला आलात की चहा घेऊ 🙂

स्पॅनर_कराड
मी हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करतो, म्हणून टी-पीसबद्दल मी बोलतो.

टी-पीस वाईट नाही, उलट मोठ्या ठिकाणी तोच चांगला. प्रत्येक श्वासाला किती दाब जातोय ते डायलवर ठरवता येतं आणि श्वास सोडताना सुद्धा थोडा दाब शिल्लक राहतो त्यामुळे कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसं चिकटत नाहीत. बॅगेला ते वेगळा व्हॉल्व्ह लावल्याशिवाय होत नाही. पण टी-पीसला सतत वाहता गॅस लागतो. सिलिंडर किंवा पाइपलाइन, आणि नुसता शुद्ध ऑक्सिजन बाळाला द्यायचा नसेल तर वर हवेचा कॉम्प्रेसर आणि हवा-ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर. गॅस संपला की ते नुसतं भिंतीला अडकवलेलं खोकं. आणि टी-पीस असला तरी शेजारी अंबू बॅग ठेवावीच लागते. तुमच्या पन्नास-साठ हजारात एखादा देशी टी-पीस बसेलही, मागचा सगळा पसारा कुठून आणणार? मुंबईच्या एनआयसीयूत भिंतीतून ऑक्सिजन येतो, वरच्या वाडीत भिंतीतून पावसाचं पाणी येतं.

आता बॅगेचं, हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर. मी एका ठिकाणी गेलो होतो, नाव नको, तिथे बॅग धुऊन परत जोडली होती आणि आतला बदकाच्या चोचीसारखा व्हॉल्व्ह उलटा बसवलेला. बॅग दिसायला एकदम ओके, दाबली की मस्त दबतेय, आणि मास्कमधून हवा शून्य. म्हणून प्रत्येक ड्युटी सुरू होताना तपासायचं. मास्क काढून तोंडाला तळहात लावा, बॅग जोरात दाबा, हाताला दाब लागला पाहिजे आणि वरचा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह सूं करून उघडला पाहिजे, साधारण ४० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला तो उघडतो, बाळाचं फुप्फुस फाटू नये म्हणून. सोडली की बॅग लगेच फुगली पाहिजे. काही लोक तो व्हॉल्व्ह चिकटपट्टी लावून बंद करतात, हवा जात नाही म्हणून. करू नका.

ऑक्सिजन नुसता जोडला तर ४० टक्क्यांच्या आसपासच जातो, मागची रिझर्व्हायरची पिशवी जोडली तर ९० च्या वर. ती पिशवी बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी हरवलेली असते. आणि हो, मास्क नुसता बाळाच्या तोंडासमोर धरून ऑक्सिजन मिळत नाही, ह्या बॅगेतून दाबल्याशिवाय काही येत नाही.

घेताना सुटे व्हॉल्व्ह आणि रिझर्व्हायर जास्तीचे घ्या. सिलिकॉन असेल तर सगळं सुटं करून ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणं) चालतं, बिलावर "सिलिकॉन, ऑटोक्लेव्ह चालणारी" असं दुकानदाराकडून लिहून घ्या, म्हणजे नंतर वाद नको.

कोयनाकाठ
बापरे, चिकटपट्टी 😳

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं ग्रुपवर टाकलं. टी-पीसवाला भाऊ जरा नाराज आहे पण ब्लेंडर आणि कॉम्प्रेसरचं वाचून गप्प बसला. बॅगा, मास्क आणि बाहुली ह्यावर बहुमत झालंय, बाहुलीचं सगळ्यांना पटलं, गंमत म्हणजे बायकांच्या ग्रुपवर जास्त. उरलेल्या पैशात इन्व्हर्टरची बॅटरी बघतोय.

दोन शंका. पैसे थेट द्यायचे की वस्तू द्यायची? आणि आय-जेल दोन नग घेतल्या तर धुऊन परत परत वापरता येतात का, का एकदाच?

लेबररूम_ताई
वस्तू द्या. पण आधी साहेबांकडून काय काय हवंय ते लेखी घ्या, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मांडायला सांगा आणि वस्तू आल्यावर स्टॉक रजिस्टरला नोंद झालेली स्वतः बघा. नोंद नसली की पुढच्या साहेबांच्या वेळी वस्तू कुठे गेली कुणाला माहीत नसतं. आणि बाहुली ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवणार असतील तर घेऊच नका, ती वॉर्मरच्या शेजारी पाहिजे. आशाताईंना नाही पण ड्युटी करणाऱ्या सगळ्या सिस्टरना तिच्यावर हात चालवू दे, साहेबांनाही.

जावळीची_आत्या
आणि बाहुलीला मंडळाचं नाव मोठ्या अक्षरात रंगवू नका रे बाबांनो, पोरी हसत बसतील 😂

मिरजेचा_भूलवाला
आय-जेल एकदाच वापरायची, मग टाकायची. पाकीट फोडून सरावाला वापरलेली नग परत बाळासाठी ठेवू नका, सरावाची वेगळी ठेवा आणि तिच्यावर मार्करनं लिहा. परत वापरायची हवी असेल तर ब्रेनच्या मास्कचा सिलिकॉनचा जुना क्लासिक प्रकार मिळतो, कंपनी ४० वेळेपर्यंत चालतो म्हणते, पण प्रत्येक वेळी ऑटोक्लेव्ह करून वहीत नोंद ठेवायची आणि त्याची कड सिरिंजनं फुगवायला लागते, बाळाच्या एक नंबरला ४ मिलीपेक्षा जास्त हवा नाही. पीएचसीत तेवढी वही कोण सांभाळणार, म्हणून आय-जेलच बरी. घेतलीत तर एक्सपायरी वर्षाच्या पुढची बघून घ्या, आणि साहेबांना मिरजेला किंवा कराडला जिथे सोयीचं असेल तिथे एक दिवस ऑपरेशन थिएटरला पाठवा, आधी विचारून, बहुतेक ठिकाणचे भूलतज्ज्ञ नाही म्हणणार नाहीत.